कमी झालेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी

घरातल्या समुद्री माशा-पोवळ्यांच्या टाकीसाठी ‘पाणी जेवढं आटलं तेवढंच मिठाचं पाणी घाला’ असा सल्ला दिला जातो, तो कृपया कोणी पाळू नका. आटतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात टाकी २६-२७ अंशांवर ठेवायला पंखा लावावाच लागतो, आणि त्या कोरड्या हवेत ४० लिटरच्या टाकीतून रोज लिटरभर पाणी सहज उडतं. त्या जागी मिठाचं पाणी घातलं तर रोज ३५ ग्रॅम मीठ वाढतं. आठवड्यात क्षारता लिटरला ३५ ग्रॅमवरून ४१ वर जाते. आधी गोगलगायी आणि कोळंबी मरतात, मग पोवळी मिटतात. काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत गोडं पाणी भरा. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना.

आणि गोडं म्हणजे बोअरचं नव्हे. घरातल्या आरओचंही थेट चालत नाही: चवीसाठी त्यात थोडं कच्चं पाणी मिसळणारा स्क्रू असतो, तो पूर्ण बंद करा. पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांची) नळी जोडा आणि टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, शून्य दिसलं की मगच वापरा. नाहीतर महिन्याभरात काचेवर तपकिरी, मग हिरवं शेवाळ धरतं.