मदत हवी आहे: रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सरावात व्हेक्टरवर (वाढवता येणाऱ्या यादीवर) अडकलो आहे

खाडीकाठ (देवगड): रस्टलिंग्ज या सरावसंचातील व्हेक्टरचे सराव सुटल्यावर मी आंब्याच्या पेट्यांची यादी ठेवणारा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहायला घेतला आणि कालपासून एकाच ओळीवर अडकलो आहे. पहिल्या पेटीचा संदर्भ (ती कोठे आहे हे दाखवणारी खूण) धरून ठेवला आणि पुश वापरून नवी पेटी यादीत घातली, एवढेच केले आहे. पहिल्या पेटीत काहीच बदललेले नसताना कंपायलर (कोड तपासून प्रोग्रॅम तयार करणारा) का अडवतो? कृपया लवकर सांगावे.

सडा (रत्नागिरी): एररचा क्रमांक काय आहे? पेटी म्हणजे आकडा की स्ट्रिंग (मजकूर), आणि धरून ठेवलेली पेटी पुढे कोठे वापरली आहे?

माडबन (मालवण): पहिल्या पेटीवर क्लोन लावून वेगळी प्रत घ्यावी, एरर जाईल. मी नेहमी असेच करतो.

बंदर (वेंगुर्ले): क्लोनने एरर जाईल, पण कारण कळणार नाही. माझ्या मते आधी सी भाषा शिकावी. मेमरी मागणारे मॅलोक आणि तिचा आकार बदलणारे रिअलोक स्वतः वापरले की रस्टचे नियम आपोआप उमगतात.

सडा: हे मला पटत नाही. सीमध्ये रिअलोकने जागा बदलली की जुना पॉइंटर (मेमरीतला पत्ता) मोकळ्या केलेल्या मेमरीकडेच राहतो, प्रोग्रॅम एखादे वेळी बरोबर उत्तरही देतो, आणि चूक झाली आहे हे नवशिक्याला कित्येक दिवस कळत नाही.



खाडीकाठ: एरर ई०५०२ आहे, म्हणजे संदर्भ वापरात असतानाच व्हेक्टर बदलण्यासाठी उसना मागितला. पेटी स्ट्रिंग आहे, आधी तीन पेट्या आहेत, आणि पहिली पेटी छापण्याची ओळ पुशच्या खाली आहे.

सडा: ती ओळ खाली आहे, हेच कारण आहे. तीन घटकांनी तयार केलेल्या व्हेक्टरमध्ये तिघांपुरतीच जागा असते. चौथा घालताना मोठी जागा घ्यावी लागते आणि सगळे घटक तिकडे हलू शकतात. पडवीतल्या पेटीकडे बोट दाखवून उभे राहावे आणि तेवढ्यात जागा पुरेना म्हणून सगळ्या पेट्या मांगरात न्याव्यात, तसे हे आहे. रस्टच्या २०१८ च्या आवृत्तीपासून उसना घेतलेला संदर्भ शेवटच्या वापरापाशी संपतो, त्यामुळे छापण्याची ओळ पुशच्या वर नेली की प्रोग्रॅम चालेल.

खाडीकाठ: ओळ वर नेल्यावर चालले, आभारी आहे. मात्र मला छपाई शेवटीच हवी आहे, म्हणून विथ कपॅसिटी वापरून दहा पेट्यांची जागा आधीच राखली, तरी तोच एरर येतो. आता तर काहीच हलणार नाही ना?

सडा: कंपायलर किती जागा शिल्लक आहे हे पाहत नाही, तो पुशची सिग्नेचर, म्हणजे पुश काय मागते हे, पाहतो. पुश संपूर्ण व्हेक्टर बदलण्यासाठी उसना मागते, आणि त्यातल्या एकाही घटकाचा संदर्भ पुढे वापरायचा असेल, तर तशी परवानगी मिळत नाही. संदर्भाऐवजी शून्य हा पहिल्या पेटीचा अनुक्रमांक जवळ ठेवावा आणि छापताना त्यावरून पेटी काढावी.

माडबन: मध्येच पहिली पेटी यादीतून काढली, तर शून्यावर दुसरीच पेटी येईल आणि कंपायलर काहीही बोलणार नाही. क्लोनमध्ये हा धोका नाही.

सडा: हे मान्य आहे. पेट्या काढायच्या असतील, तर येथे क्लोन योग्य ठरेल.

खाडीकाठ: सध्या पेट्या फक्त वाढतात. अनुक्रमांक वापरून प्रोग्रॅम चालला आहे.