गप्प बसणं म्हणजे ऐकणं नव्हे

'समजून ऐकायचं म्हणजे नुसतं गप्प बसायचं का?' या प्रश्नाबद्दल थोडं.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५१ साली एका भाषणात साधा प्रयोग सुचवला होता. वाद रंगला की नियम करायचा: आधीच्याचं म्हणणं आणि त्यामागची भावना त्याला पटेल अशी मांडून दाखवायची, मगच आपलं बोलायचं. करून बघा, घाम फुटतो! 'पटेल अशी' ही अट तर फारच जाचक.

घरात हे असं दिसतं. सून म्हणते, "सगळं माझ्यावरच पडतं." आपलं तयार उत्तर, "अगं, बाई लाव ना कामाला." त्याऐवजी, "दमलीस, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, असं वाटतंय का?" चुकलं तर ती सांगेलच, "दमण्याचं नाही हो, मला कुणी विचारतच नाही." मग खरं दुखणं कळतं. मात्र समोरच्याचंच वाक्य पोपटासारखं परत म्हटलं तर तो चिडतो, आणि ते रास्तच आहे.

सांत्वनाला गेल्यावरचं 'देवाची मर्जी'ही मला याच कारणाने खटकतं. रडणाऱ्याला गप्प करायची घाई बहुतेकदा आपल्यालाच असते.