आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन पुण्याहून मालवणला: मोटारीत ती शांत कशी राहील?

शमी_पुणे

नमस्कार. यंदा गणपतीसाठी आम्ही पुण्याहून मालवणजवळच्या आमच्या गावी मोटारीने जाणार आहोत. सासूबाई, सासरे, यजमान, मी आणि आमची लेक असे पाच जण असू, गाडी सात आसनांची आहे. लेक तोपर्यंत आठ महिन्यांची होईल. ती अंगावर पिते, शिवाय दिवसातून दोन वेळा नाचणीचे सत्त्व, मऊ भात किंवा कुस्करलेले केळे खाते आणि नुकतीच रांगू लागली आहे.

शहरातल्या शहरात ती कार सीटमध्ये (बाळांसाठीच्या पट्ट्यांच्या आसनात) व्यवस्थित बसते, परंतु पाऊण तास उलटला की अंग ताठ करून रडू लागते आणि मग काहीही दाखवले तरी गप्प होत नाही. मांडीवर घेतले की लगेच शांत होते, त्यामुळे इतक्या लांबच्या प्रवासात तिला मांडीवरच घेऊन बसावे, आमची मुलेही अशीच वाढली, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. त्या हे मायेपोटी म्हणतात हे मला कळते आणि त्यांचे मन दुखवण्याची माझी इच्छा नाही. एका नातेवाइकांनी तर निघताना सर्दीचे औषध पाजावे, म्हणजे बाळ गावापर्यंत झोपून राहील, असेही सुचवले. यजमानांचा विचार रात्री दोनला निघून दुपारपर्यंत एका दमात पोहोचण्याचा आहे.

ज्यांनी एवढ्या लहान बाळासह हा किंवा असा प्रवास केला आहे, त्यांनी वेळ, थांबे, खाणे आणि रडणे यांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कणकवलीकर

हा रस्ता आमच्या कुटुंबाच्या नेहमीच्या वापरातला आहे आणि आमची दोन्ही मुले तान्ही असल्यापासून त्यावरून प्रवास करत आली आहेत, म्हणून सर्वांत आधी वेळेविषयी लिहितो. रात्री दोनला निघण्याचा बेत कृपया सोडून द्यावा. बाळ त्या वेळी झोपते हे खरे असले, तरी पहाटे तीन ते पाच हीच चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड येण्याची वेळ असते, आणि साताऱ्याच्या पुढे महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे जागोजागी लागणारे वळणरस्ते अंधारात आणि पावसात चटकन दिसत नाहीत. पहाटे साडेपाचच्या सुमारास निघावे. आदल्या रात्रीच बाळाला प्रवासाचे सैल सुती कपडे घालून ठेवले, निघण्यापूर्वी पोटभर पाजले आणि अर्धवट झोपेतच सीटमध्ये ठेवले, तर खंबाटकी ओलांडून सातारा येईपर्यंत ते बहुधा उठत नाही.

दुसरे म्हणजे हा प्रवास दोन दिवसांचा करावा. पुण्यापासून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर आणि तिथून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल या मार्गाने मालवण साधारण दीडशे किलोमीटर पडते. कोल्हापुरात मुक्काम केल्यास पहिल्या दिवशी सातारा आणि कराड असे दोन मोठे थांबे घेऊनही आपण दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचतो, उरलेला दिवस बाळाला रांगायला मोकळा मिळतो आणि आजी-आजोबांची पाठही धरत नाही. मोठ्यांना एक दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, पण दमलेले बाळ गावी पोहोचल्यावर दोन रात्री कोणालाच झोपू देत नाही, हेही हिशेबात धरावे.

थांबा म्हणजे दहा मिनिटांचा चहा नव्हे, हे मी आग्रहाने सांगेन. दर दीड-दोन तासांनी किमान अर्धा तास थांबावे, बाळाला सीटमधून पूर्ण बाहेर काढावे, सतरंजी पसरून पाठीवर लोळू द्यावे, रांगू द्यावे आणि मगच पुढे निघावे. महामार्गाच्या कडेला गाडी उभी करू नये, मोठे आवार असलेले उपाहारगृह गाठावे. पाजण्यासाठी आडोसा हवा असल्यास अनेक एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो, तिथे जाण्यास संकोच करू नये, मात्र त्याची अवस्था सगळीकडे सारखी नसते.

दाजीपूरच्या पुढे जंगलाचा पट्टा आहे, वस्ती विरळ आहे आणि पावसाळ्यात धुके दाट असते, म्हणून राधानगरीलाच पाजून, लंगोट बदलून, सर्व आटोपून घाटाकडे वळावे. घाट चालू आहे की दरडीमुळे बंद आहे याची चौकशी निघण्याच्या आदल्या दिवशी अवश्य करावी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कणकवलीच्या पुढे मुंबईकर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा दोन-तीन दिवस आधी पोहोचणे बाळासाठी फारच सोयीचे ठरेल.

परिचारिका_सांगली

मी बालरुग्ण विभागात काम करते, म्हणून औषधाच्या सल्ल्याचे उत्तर प्रथम देते: झोप यावी म्हणून बाळाला कोणतेही औषध देऊ नये. ज्या औषधांनी गुंगी येते त्यांनी तान्ह्या बाळाचा श्वास मंदावू शकतो. प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलांना याच कारणासाठी देत नाहीत, आणि क्लोरफेनिरामिन व फिनाइलएफ्रिन यांचे सर्दीवरचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये बजावले आहे. काही बाळे अशा औषधाने झोपण्याऐवजी उलट जास्त चिडचिडी होतात. गाडी लागण्याची चिंताही फारशी करू नये, कारण तो त्रास बहुतेक मुलांना दोन वर्षांनंतर सुरू होतो.

आता पाऊण तासाने येणाऱ्या रडण्याविषयी. या वयाच्या बाळाची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून लावलेली असते आणि ती तशीच असायला हवी. पण त्यामुळे गाडीतील थंड हवा सीटच्या पाठीला अडते आणि बाळापर्यंत पोहोचतच नाही. आपल्याला गारवा जाणवत असतो आणि बाळाची पाठ मात्र सीटच्या कृत्रिम कापडावर घामाने भिजलेली असते. पुढच्या वेळी ती रडू लागली की गाडी थांबवून तिच्या मानेमागे आणि पाठीखाली हात घालून पाहावे, अनेकदा कारण तिथेच सापडते. तिला एकच पातळ सुती झबले घालावे. स्वेटर घालून वर पट्टे बांधले तर उकडते आणि पट्टेही सैल राहतात, म्हणून आधी पट्टे आवळावेत आणि थंडी वाटल्यास वरून दुपटे पांघरावे. गळ्याजवळच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरता येऊ नये, इतका तो घट्ट असावा.

दुसरे कारण ऊन. पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना आपण दक्षिणेकडे जात असतो, म्हणजे सकाळचे ऊन डाव्या खिडकीतून येते आणि दुपारचे उजव्या. मधल्या आसनावर सीट नीट बसत असेल तर तीच जागा सर्वांत चांगली, परंतु अनेक गाड्यांत बाळाची सीट पक्की अडकवण्याचे हूक (आयसोफिक्स) फक्त कडेच्या आसनांना असतात. तसे असल्यास सकाळच्या प्रवासासाठी उजवी बाजू निवडावी आणि खिडकीला जाळीचा पडदा लावावा. पुढच्या आसनावर, समोर एअरबॅग चालू असताना, अशी सीट कधीही लावू नये.

खाण्याबाबत एकच नियम कसोशीने पाळावा, तो म्हणजे चालत्या गाडीत काहीही भरवू नये आणि अंगावरही पाजू नये. घास अडकला तर चालत्या गाडीत कोणाच्या लवकर लक्षात येत नाही, आणि पाजण्यासाठी बाळाला पट्ट्यांतून काढावे लागते. नाचणीचे कोरडे सत्त्व मोजून छोट्या डब्यांत भरून घ्यावे आणि थांब्यावर गरम पाण्यात शिजवून घ्यावे. केळे आणि उकडलेले रताळे ही प्रवासातली सर्वांत निर्धोक सोय आहे. नवे पदार्थ प्रवासाच्या दिवशी सुरू करू नयेत, आणि मध तर वर्षाच्या आत बोटावरसुद्धा चाटवू नये. दूध काढून न्यायचे असल्यास बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या शीतपेटीत ते २४ तास टिकते, साध्या हवेत चार तासांच्या आत संपवावे, आणि भर उकाड्यात त्याहूनही लवकर.

नलिनीआजी

मी स्वतः आजी आहे, म्हणून तुमच्या सासूबाईंची बाजू मला आतून कळते. नात रडत असताना तिला पट्ट्यांत बांधलेले पाहणे फार कठीण जाते. तरीही मांडीवर घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी एकदम आदळून थांबली, तर आठ किलोचे बाळ हातांत धरून ठेवणे धडधाकट तरुणालाही शक्य नसते, मग आमच्या वयाच्या बाईला कुठले होणार? आमची मुले मांडीवर वाढली तेव्हा या रस्त्यांवर ना इतक्या गाड्या होत्या ना हा वेग. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित न बसवल्यास हजार रुपये दंड आहे, आणि ही गोष्ट घरच्या वडीलधाऱ्यांना सांगताना उपयोगी पडते, कारण मग तो सुनेचा हट्ट राहत नाही.

पण सासूबाईंना नुसते नाही म्हणू नका, त्यांना बाळाशेजारची जागा द्या. हे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते आजीइतके चांगले कोणी करू शकत नाही. बाळाला मांडी हवी असते त्यापेक्षा ओळखीचा स्पर्श, वास आणि आवाज हवा असतो. एक हात तिच्या पोटावर किंवा पायावर ठेवावा, तळपाय हलके चोळावेत, हळू आवाजात अंगाई म्हणावी. खेळणी एकदम समोर ओतू नयेत. एक कापडी खेळणे, त्याचा कंटाळा आला की दुसरे, आणि एखादे तिने कधीच न पाहिलेले खास घाटासाठी राखून ठेवलेले. लाकडी किंवा धातूची जड वस्तू हातात देऊ नये, अचानक ब्रेक लागला तर तिलाच लागते. मोबाइल दाखवण्याची सवय या वयात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निघण्यापूर्वीच्या आठवड्यांत सीट घरात जमिनीवर ठेवून, आपण जवळ बसून, तिला रोज थोडा वेळ त्यात खेळू द्यावे. ती हसत असतानाच बाहेर काढावे, रडेपर्यंत थांबू नये. म्हणजे सीट आणि रडणे यांची सांगड तिच्या मनातून सुटत जाते.

शमी_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. हे सारे मी घरी वाचून दाखवले. सासूबाईंनी शेजारी बसण्याचे मान्य केले आहे आणि कोल्हापूरच्या मुक्कामाला सासऱ्यांनीच सर्वांत आधी होकार दिला. दोन शंका उरल्या आहेत. गाडीत मागच्या बाजूला साडीची झोळी बांधून तिला निजवणारी काही कुटुंबे मी पाहिली आहेत, ते योग्य आहे का? आणि घाटात, जिथे थांबायला जागाच नसते, तिथे ती रडू लागली तर काय करावे?

परिचारिका_सांगली

झोळी घरात उत्तम, पण चालत्या गाडीत ती झोके घेत दारावर किंवा आसनावर आपटते आणि अपघातात बाळाला कसलाच आधार राहत नाही, तेव्हा तो विचार नको. मुक्कामी मात्र झोळी जरूर बांधावी, ओळखीच्या साडीत बाळाला परक्या जागीही झोप लागते. सोबत मच्छरदाणी न्यावी.

घाट उतरताना हवेचा दाब वाढतो आणि बाळाच्या कानांत दडे बसतात, हे तिथल्या रडण्याचे एक नेहमीचे कारण असते. गिळण्याच्या क्रियेने दडे सुटतात. आठ महिन्यांच्या बाळाला आजीने चोखायला स्वच्छ टीदर (दात येताना चावायचे खेळणे) द्यावा किंवा नळीच्या झाकणाच्या पेल्यातून पाण्याचा अगदी लहान घोट द्यावा, पट्टे मात्र सोडू नयेत. घाटमाथ्यावर तिला पूर्ण जागी करून उतरणीला लागावे, कारण झोपेत गिळणे कमी होते. एवढे करूनही ती रडत राहिली, तर चालवणाऱ्याने मागे वळून पाहू नये आणि वेगही वाढवू नये. रुंद जागा मिळेपर्यंतचे रडणे बाळाला अपाय करत नाही. फोंड्यात उतरल्यावर सावलीत गाडी लावून तिला छातीशी घ्यावे आणि निवांत पाजावे. सर्दीने तिचे नाक बंद असेल किंवा कान दुखत असल्यासारखे वाटत असेल, तर मात्र निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्यावे आणि गरज पडल्यास प्रवास एक-दोन दिवस पुढे ढकलावा. वाटेत बाळ निपचित पडले, दूध घेईनासे झाले किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर गावी पोहोचण्याची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.