डोळ्यांना न खुपणारा गेमिंग मॉनिटर कोणता? मदत हवी आहे

सध्याच्या मॉनिटरवर अर्धा तास खेळलं की कपाळ ठणकायला लागतं. ब्राइटनेस १०० वर त्रास कमी, ३० वर आणला की जास्त. मोबाईल कॅमेऱ्याचा शटर स्पीड वाढवून बघितलं तर स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले, म्हणजे बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) पीडब्ल्यूएमवर चालतोय, ब्राइटनेस कमी करायला तो भराभर चालू-बंद होतो. नाइट मोड, मोशन ब्लर बंद, सगळं करून झालं. चष्म्याचा नंबरही तपासलाय (आधीच सांगून टाकतो). ओएलईडीचा (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारा पॅनल) मोह होतो, पण व्हीआरआर (गेमच्या फ्रेम्सनुसार रिफ्रेश रेट बदलणं) चालू असताना अंधारी दृश्यं लुकलुकतात, म्हणून नको. २७ इंची, १४४ हर्ट्झचा आयपीएस (एलसीडी पॅनलचा एक प्रकार) बघतोय. खेळतो रात्री, मंद उजेडात.

डीसी डिमिंगवाल्या (दिवा चालू-बंद न करता त्याचा वीजप्रवाह कमी करून उजेड घटवणाऱ्या) मॉनिटरवर कमी ब्राइटनेसला कुणी तासन्‌तास खेळलंय का? आणि ८ बिट अधिक एफआरसी (जवळच्या छटा भराभर आलटून-पालटून जास्त रंग भासवणाऱ्या) पॅनलचाही त्रास होतो का?