घरी कोणते संदर्भग्रंथ ठेवावेत?

चोपडा: मुलगी नववीत आहे. स्वतः वापरलेली पुस्तकंच सांगा.

यावल: भाऊ, आधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश घ्या. १८५७ ची दुसरी आवृत्ती पुन्हा छापलेली मिळते. केळीच्या बागेतून आलो की रात्री दोन पानं वाचतो. आजीच्या तोंडचा एखादा शब्द तिथे भेटला की जीव हरखतो. मागच्या आठवड्यात ‘मोट’ हा शब्द काढून लेकाला दाखवला. त्यानं विहिरीतून पाणी काढायची मोट पाहिलेलीच नाही. अर्थ इंग्रजीत आहेत, टाइपही बारीक.

भुसावळ: दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’, १९११ चं. मुलीला आत्ता जड जाईल, तुम्ही वाचा.

चोपडा: आणि मराठी विश्वकोश?

यावल: वीस खंड घरात मावणार नाहीत. संकेतस्थळावर फुकट आहे, तिथेच वाचू द्या.