सोसायटीत कांजिण्या : सगळ्यांना कळवायचं की घरातच ठेवायचं?

पाथर्डीफाटा
आमच्या सोसायटीत यावरून सध्या दोन तट पडलेत, म्हणून विषय इथे मांडतो. वरच्या मजल्यावरच्या मुलाला कांजिण्या आल्या. घरच्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण मुलाला लगेच घरात ठेवलं, डॉक्टरांचं औषध चालू केलं. तरी दोन-अडीच आठवड्यांत खालच्या तीन घरांत ताप आणि फोड. तळमजल्यावरची सून गरोदर आहे. तिला ही बातमी भाजीवाल्याकडून कळली.

माझं म्हणणं असं, की कांजिण्या आल्या की त्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर आणि शाळेत कळवलंच पाहिजे. मुलाला घरात ठेवलं म्हणजे जबाबदारी संपली, असं होत नाही. अंगावर पहिला फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण पसरायला लागते. म्हणजे आईला फोड दिसला तोवर मूल पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून, क्लासला बसून आलेलं असतं. त्या मुलांच्या घरी काही करायचं असेल तर वेळ फार थोडा असतो. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही, त्याला संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. गरोदर बाईला ही लस देत नाहीत. तिची रक्ततपासणी करून, गरज पडली तर प्रतिपिंडांचं इंजेक्शन देतात. तेही दहा दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. भाजीवाल्याकडून कळेपर्यंत हे दिवस निघून जातात.

सिडकोवाली
दादा, कळवून काय होतं ते मी सांगते. आमच्या मुलीच्या वेळी आम्ही प्रामाणिकपणे ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी कामवाल्या मावशींना शेजारणीने सांगितलं, "त्यांच्याकडे गेलात तर आमच्याकडे येऊ नका." दूधवाला पिशवी गेटला अडकवून जायला लागला. जिना उतरताना लोक भिंतीला चिकटून उभे राहायचे. खपल्या पडून गेल्या, अंग स्वच्छ झालं, तरी वाढदिवसाला तिला बोलावणं नाही. चेहऱ्यावर डाग राहतील का म्हणून पोर आधीच आरशासमोर रडत होती.

धडधाकट मुलाचा हा आठवडाभराचा आजार आहे. आपल्या सगळ्यांना लहानपणी होऊन गेलाय. त्यासाठी घरावर शिक्का कशाला? ज्यांना सांगायची गरज आहे त्यांना आपण दार वाजवून सांगू. दोनशे जणांच्या ग्रुपवर नको.

लसीकरण_सिस्टर
ताई, तुमच्या मुलीला जे सोसावं लागलं ते चूकच होतं. पण "सगळ्यांना लहानपणी होऊन जातात" हे धरून चालू नका. आपल्यासारख्या उष्ण देशात बरेच जण कांजिण्या न होताच मोठे होतात, आणि मोठ्या माणसाला झाल्या तर आजार जड जातो. फोड जास्त, ताप जास्त, न्यूमोनियाचा धोका जास्त. एका घरात एकाला झाल्या की आधी न झालेल्या दहापैकी नऊ जणांना होतात, इतका हा विषाणू पसरतो. हवेतून आणि फोडातल्या पाण्यातून, दोन्हीकडून. नागीणही याच विषाणूची, म्हणून नागीण झालेल्या आजोबांच्या फोडांतूनही नातवाला कांजिण्या होऊ शकतात, तेव्हा ते फोड झाकून ठेवा.

लागण झाल्यावर फोड यायला १० ते २१ दिवस लागतात. म्हणून पहिलं मूल बरं झालं की सुटलो, असं समजू नका.

जेलरोडच्या आजी
आमच्या काळी ग्रुप नव्हता, पण दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा. तो दिसला की लेकुरवाळी बाई उंबऱ्यावरूनच मागे फिरायची, आणि शेजारीण ताकाची लोटी ओट्यावर ठेवून जायची. लपवाछपवी नव्हती. त्यामुळे कळवायलाच हवं, या मताची मी आहे.

पण औषधांची घाई मला पटत नाही. कांजिण्या म्हणजे देवीआई घरी आली, तिचा मान ठेवायचा. घरात फोडणी नको, तळण नको, आंघोळ नको. पाल्यावर निजवायचं. पाचव्या-सातव्या दिवशी पाल्याच्या पाण्याने न्हाऊ घालायचं. आमची सगळी पोरं अशीच बरी झाली.

लसीकरण_सिस्टर
आजी, डहाळ्याचं तुम्ही लाखमोलाचं सांगितलंत. श्रद्धा ठेवा, साधं जेवणही चांगलंच. मात्र आंघोळ थांबवू नका. अंग मळलं की पोर खाजवतं, फोड फुटतो, त्यात पू होतो, आणि डाग राहतो तो त्यामुळेच. रोज कोमट पाणी अंगावर घ्यायचं, चोळायचं नाही, मऊ पंच्याने टिपायचं. नखं कापायची. तान्ह्या बाळाला रात्री हातात मोजे घालायचे. कॅलामाइन लोशन कापसाने एकेका फोडावर टेकवायचं. तोंडातही फोड येतात, म्हणून तिखट बंद. मऊ भात, ताक, पेज चालते.

तापाला पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. ॲस्पिरिन अजिबात नाही, त्याने मेंदू आणि यकृतावर घातक परिणाम होऊ शकतो. आयब्युप्रोफेनही टाळा. असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध प्रत्येक लहान मुलाला लागत नाही. बारा वर्षांपुढची मुलं, मोठी माणसं, दमा किंवा स्टिरॉइड चालू असलेले, यांना डॉक्टर देतात, आणि ते पहिल्या २४ तासांत सुरू झालं तर खरा उपयोग. श्वास लागला, मूल गुंगीत गेलं, मान आखडली किंवा फोडांभोवती लाल होऊन दुखायला लागलं, तर घरी थांबायचं नाही.

अंबड_एमआयडीसी
तुम्ही सगळे फ्लॅटवाले बोलताय. आम्ही एका खोलीत पाच जण राहतो. एकाला फोड आले. कळवायचं कोणाला? ठेकेदाराला कळवलं तर तो म्हणतो, उद्यापासून येऊ नको. खाडा म्हणजे पगार कापला. घरमालकाला कळवलं तर खोली जाते. आमचा माणूस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून कामावर गेला, आणि मी त्याला दोष देणार नाही. कळवा म्हणणाऱ्याने आधी सांगावं, की त्या आठवड्याचा पगार कोण देणार.

पाथर्डीफाटा
दादा, हा प्रश्न खरा आहे. पगारातून कामगार विम्याची (ईएसआय) कपात होत असेल तर इथे नाशिकला सातपूरच्या विमा रुग्णालयात दाखवा. पुरेसे हप्ते भरलेले असतील तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. खोलीतल्या बाकीच्यांपैकी ज्यांना आधी झालेल्या नाहीत, त्यांनीही त्याच वेळी दाखवून घ्यावं.

अंबड_एमआयडीसी
कपात होते. ठेकेदार खरंच भरतो का ते बघावं लागेल. नसेल भरत तर माझा प्रश्न जागेवरच आहे.

दहावीचे_सर
शाळेच्या बाजूने एकच सांगतो. कांजिण्यांचा जोर नेमका थंडी सरताना असतो, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर. पालक लपवतात ते परीक्षा बुडेल म्हणून. आधी कळवलं तर वेगळ्या खोलीत बसवण्याची विनंती तरी करता येते. परीक्षागृहात कळलं तर कोणाच्याच हातात काही राहत नाही. एरवी सगळे फोड वाळून खपली धरेपर्यंत, साधारण पाच ते सात दिवस, मूल घरी ठेवा. खपल्या पूर्ण गळेपर्यंत थांबायची गरज नाही.

सिडकोवाली
शाळेला सांगण्याला माझी ना नाही. सोसायटीत मात्र गरोदर बाई, तान्हं बाळ, केमो चालू असलेले काका, एवढ्यांनाच सांगू, असं माझं अजूनही मत आहे.

पाथर्डीफाटा
ताई, ते कोण आहेत हे तुम्हाला कसं कळणार? तिसरा महिना लागेपर्यंत आपल्याकडे घरातल्यांनाही सांगत नाहीत. आणि पहिले पाच महिने पोटातल्या बाळाला धोका थोडा असला तरी असतो. बाळंतपणाच्या आसपास झाल्या तर नवजात बाळाचं फार अवघड होतं. केमोचंही कोणी दारावर लिहीत नाही. म्हणून सगळ्यांना सांगायचं, पण घर न सांगता : "आपल्या इमारतीत कांजिण्यांचा एक रुग्ण आहे. गरोदर स्त्रिया, तान्ही बाळं, प्रतिकारशक्ती कमी असलेले आणि आधी न झालेले, यांनी आजच डॉक्टरांशी बोलावं. घर कोणतं हे विचारू नये."

सचोटी_गंगापूररोड
दोन डोस वेळेवर दिले तर एवढी चर्चाच लागत नाही. पहिला सव्वा ते दीड वर्षाचं असताना, दुसरा त्यानंतर किमान तीन महिन्यांनी. लस सरकारी वेळापत्रकात नाही, खिशातून काही हजार जातात, हे खरं. ज्यांना परवडतं त्यांनी तरी टाळू नये. लस घेऊनही झाल्या तर फोड बहुधा मोजकेच येतात.

सिडकोवाली
परवडत नाही तिथे काय, ते अंबडच्या दादांनी सांगितलंच. मेसेजचं म्हणाल, तर "घर विचारू नये" हे शेवटी नको, पहिल्या ओळीत घ्या. आणि त्या घरी दूध, भाजी, औषध कोण पोचवणार, त्या माणसाचं नावही त्याच मेसेजमध्ये टाका. तेवढं केलंत तर माझी हरकत नाही.