कंबोडियातील सायकल मोहीम आणि वाटेवरच्या शाळा : अर्ध्या दिवसात काय करावे?

प्रश्न : सायकलस्वार, पुणे

नमस्कार. येत्या जानेवारीत आमचा गट कंबोडियात सिएम रीप ते नॉम पेन्ह हे सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचे अंतर राष्ट्रीय महामार्ग ६ आणि त्याच्या आसपासच्या गावरस्त्यांनी सायकलवर कापणार आहे. मोहिमेच्या निमित्ताने जमणारा निधी तेथील ग्रामीण शाळांना द्यावा, असा आमचा विचार आहे. सहल आखणाऱ्यांनी वाटेतील काही शाळांमध्ये अर्धा अर्धा दिवस स्वयंसेवा ठेवली असून इंग्रजी शिकवणे, खेळ घेणे, वह्या व खाऊ वाटणे आणि एका अनाथाश्रमाला भेट देणे असा कार्यक्रम सुचवला आहे. आमच्यापैकी कोणालाही ख्मेर भाषा येत नाही. एवढ्या थोड्या वेळात मुलांच्या खरोखर उपयोगी पडेल असे काय करता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

मी कंबोडियात गेलेले नाही. परंतु पाहुणे ज्या शाळेत येतात, त्या बाजूचा अनुभव मला आहे. आमच्या डोंगरातल्या जिल्हा परिषद शाळेत पर्यटनाच्या हंगामात मंडळी प्रेमाने येतात. त्या दिवशी परिपाठ लांबतो, तिसरीचा भागाकार अर्धवट राहतो, मुले फोटोसाठी उन्हात रांगेत उभी राहतात आणि खाऊच्या पुड्यांचे कागद संध्याकाळी आम्हीच गोळा करतो. ज्यांची भाषा मुलांना कळत नाही अशांनी तासाभरात इंग्रजी शिकवून काही साधेल, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. वर्ग शिक्षकांकडेच राहू द्यावा. जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांना दुभाष्यामार्फत एवढेच विचारावे की, त्यांना कशाची गरज आहे आणि कोणत्या वेळी आलेले चालेल. वस्तू द्यायच्या असतील तर त्या शाळेच्या हाती द्याव्यात. मुलांना एकेक करून पुढे बोलावून देऊ नयेत. घेणाऱ्या मुलाचा चेहरा तेव्हा कसा होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

उत्तर : नॉम पेन्हमधील एक मराठी रहिवासी

ताईंच्या म्हणण्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. अनाथाश्रमाची भेट तर कार्यक्रमातून काढूनच टाका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. २००५ ते २०१० या काळात येथील अशा निवासी संस्थांची संख्या १५४ वरून २६९ वर गेली आणि २०११ च्या पाहणीत तेथील तीन-चतुर्थांशांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले. पाहुण्यांच्या देणग्यांमुळे अशा संस्था वाढतात आणि गरीब घरातली मुले आईवडिलांपासून दुरावतात. नॉम पेन्हमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या फ्रेंड्स इंटरनॅशनल या संस्थेची ‘चाइल्डसेफ’ ही चळवळ प्रवाशांना नेमके हेच समजावते. मुले ही पर्यटनस्थळे नव्हेत, हे तिचे सांगणे आहे.

शाळांविषयी सांगायचे तर १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत येथील शिक्षणव्यवस्था जवळजवळ पुसली गेली. बहुसंख्य शिक्षक मारले गेले किंवा देशोधडीला लागले आणि त्यानंतर सगळे शून्यातून उभे करावे लागले. आजही वर्गखोल्या आणि शिक्षक अपुरे असल्याने अनेक शाळा दोन सत्रांत भरतात. साधारणपणे सकाळी सात ते अकरा आणि दुपारी एक ते पाच. प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आणि बहुधा गावातच असते, पण सातवीपासूनची शाळा पुष्कळदा लांब पडते आणि तिथेच गळती वाढते. मुलांना, विशेषतः मुलींना, सायकल मिळणे हा यावरचा साधा उपाय आहे. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली दिल्या जातात, त्यामागचे कारणही हेच आहे.

आणखी एक गोष्ट. देणगीदारांना विहीर किंवा हातपंप द्यायला आवडते, परंतु मेकाँग नदीच्या खोऱ्यात, विशेषतः कांदाल प्रांतात, भूजलात आर्सेनिक हे विषारी द्रव्य सापडते. पाण्याची तपासणी आणि पुढच्या देखभालीची सोय असल्याशिवाय त्यासाठी पैसे देऊ नयेत. शिवाय, भारतातील नोंदणीकृत न्यासामार्फत निधी जमवणार असाल, तर परदेशात केलेल्या खर्चाला विशेष मंजुरीशिवाय प्राप्तिकराची सवलत मिळत नाही. सनदी लेखापालांचा सल्ला आधीच घ्यावा.

उत्तर : याच मार्गाने गेलेला सायकलस्वार, नाशिक

जानेवारी हा कोरडा आणि त्यातल्या त्यात सुसह्य महिना आहे, तरीही दहा-साडेदहानंतर ऊन चढते. पहाटे निघालात तर शाळेजवळ पोहोचेपर्यंत पहिले सत्र संपत आलेले असेल. अकरा ते एक ही दोन सत्रांमधली वेळ मागून घ्या, म्हणजे कोणाचाही तास बुडणार नाही. त्या वेळेत मुलांच्या सायकली दुरुस्त करा. आम्ही एका झाडाखाली हत्यारे मांडली, तेव्हा कोणाची चेन गंजून ताठ झाली होती, कोणाचे ब्रेक शू लोखंडापर्यंत झिजले होते, तर एका मुलीने टायरच्या फाटलेल्या जागी रबराची पट्टी गुंडाळली होती. मोठ्या मुलांना पंक्चर काढायला शिकवण्यासाठी भाषा फारशी लागत नाही. ट्यूब घासून, सोल्यूशन सुकू देऊन पॅच दाबताना ती बघतात आणि दुसरे पंक्चर स्वतः काढतात.

प्रश्नकर्ता, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. अनाथाश्रमाची भेट आम्ही रद्द करत आहोत आणि इंग्रजीच्या तासांऐवजी दुरुस्तीचे काम ठेवण्याविषयी मुख्याध्यापकांशी बोलणार आहोत. सुटे भाग येथून न्यावेत का?

नाशिक

नेऊ नयेत. तिकडे जपानमधून आलेल्या जुन्या सायकली पुष्कळ आहेत आणि आपल्याकडचे टायर-ट्यूब त्यांना बसतीलच असे नाही. शाळेकडून चाकांची मापे आधी मागवा आणि सिएम रीपच्या प्सार ल्यू बाजारात खरेदी करा. पाने, पंप आणि चेनचे तेल यांचा एक संच शाळेतच ठेवून या. तो कोणाच्या ताब्यात राहील, हे शिक्षकांना ठरवू द्या.